सांगोल्याचे पाणी आणि आमदाराचा पक्ष

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. डाळिंबाच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवायच्या आणि जनावरे चारा छावणीत न्यायची, असे उन्हाळे इथल्या प्रत्येक पिढीने काढले आहेत. या तालुक्याने १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) गणपतराव देशमुखांना पहिल्यांदा विधानसभेत पाठवले. १९७२ आणि १९९५ चे दोन पराभव सोडले तर २०१४ पर्यंत सांगोला त्यांच्यामागे उभा राहिला. अकरा वेळा आमदार, त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकांवर, मंत्रिपद दोनदाच आणि तेही अल्पकाळ. पक्ष मात्र आयुष्यभर एकच. हा पक्ष महाराष्ट्रात कुठेच सत्तेच्या जवळपास उरला नव्हता, तेव्हाही ते तिथेच होते.

२०१९ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी निवडणूक लढवायचे थांबवले. त्यांचे नातू अनिकेत उभे राहिले आणि अवघ्या ७६८ मतांनी हरले. जिंकले ते शिवसेनेचे शहाजीबापू पाटील. गणपतरावांना १९९५ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर हरवणारेही तेच होते. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत बंड केलेल्या एकनाथ शिंदे यांच्याबरोबर सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत ते होते. तिथून कार्यकर्त्याशी फोनवर केलेले त्यांचे ‘काय झाडी, काय डोंगार’ हे बोलणे महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले. पुढे २०२४ ची विधानसभा निवडणूक झाली. तिरंगी लढतीत सांगोल्याने पुन्हा शेकापला निवडले, गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख आमदार झाले.

ही गोष्ट निष्ठावंत विरुद्ध फुटीर अशी सांगून मोकळे होणे सोपे आहे. मात्र तशी ती सांगितली की मुख्य प्रश्न हातातून निसटतो. शहाजीबापूंच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे आणि ते सांगोल्याच्या जमिनीवर दिसते. सत्तांतरानंतर तालुक्यात निधी आला. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या सांगोला उपसा सिंचन योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देऊन मान्यता मिळाली. आमदार सत्तेत असला म्हणून पाणी आले, असे म्हणणारा शेतकरी त्या तालुक्यात सापडेल आणि त्याला खोटे पाडता येणार नाही. तेव्हा आमदार पक्ष सोडून गेला तो लोकांसाठी की स्वतःसाठी, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या मनात शोधून हाती काही लागत नाही. दुष्काळी तालुक्याला पाणी मिळणे त्या तालुक्याचा आमदार कोणत्या बाजूला बसतो यावर का अवलंबून असावे, हा विचारण्याचा प्रश्न आहे. जोवर ते तसे अवलंबून आहे, तोवर प्रत्येक पक्षांतराला ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हे कारण आयते मिळत राहणार आणि आमदाराची स्वतःची वाटचाल लोकसेवेच्या नावाखाली खपत राहणार.

हे अवलंबून असणे चालते कसे, ते ग्रामीण महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरपंचाला पाठ आहे. आमदाराच्या हातात वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. तो सर्व पक्षांच्या आमदारांना सारखाच मिळतो. खरे राजकारण त्याच्या पलीकडे सुरू होते. गावात बोलता बोलता ‘२५१५ मधून काम आणले’ असे जे म्हटले जाते, ते ग्रामविकास विभागाचे लेखाशीर्ष आहे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधा त्यातून होतात : काँक्रीटचा रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीचे शेड. त्याशिवाय नगरविकासचा निधी, जिल्हा नियोजन समितीतला वाटा, अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत घुसवलेले रस्ते. यातले काय, कोणाला आणि किती द्यायचे, हे मंत्री ठरवतात. लोकसंख्या, पाऊस, मागासलेपण असे कोणतेही बंधन त्यांच्यावर नाही. आमदाराच्या शिफारसपत्रावर मंत्र्याची सही झाली की काम मंजूर होते आणि चौकात ‘कार्यसम्राट’ असा फ्लेक्स लागतो.

२०२२ चे बंड याच तक्रारीवर उभे राहिले होते. तेव्हाच्या शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडी सरकारात अर्थखाते राष्ट्रवादीच्या अजित पवारांकडे होते. निधी राष्ट्रवादीच्या आमदारांना मिळतो आणि शिवसेनेच्या आमदारांना ताटकळावे लागते, असे बंडखोर उघड सांगत होते. तक्रार निराधार नसावी, कारण काँग्रेसच्या आमदारांतूनही तोच सूर निघत असे. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. जुलैत आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती देण्यात आली. कागदावर मंजूर झालेला आपल्या गावचा रस्ता अडला म्हणून ग्रामस्थ आणि लोकप्रतिनिधी उच्च न्यायालयात गेले. ज्यांनी कोणताही पक्ष फोडला नव्हता, जोडलाही नव्हता, अशा गावांनी सत्तांतराची किंमत मोजली.

एका वर्षात चित्र पुन्हा फिरले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवारांनी राष्ट्रवादीच्या आठ सहकाऱ्यांसह शिंदे सरकारात मंत्रिपदाची शपथ घेतली आणि पंधरा दिवसांच्या आत अर्थखाते त्यांच्याकडेच आले. ज्यांच्या निधीवाटपावर बोट ठेवून चाळीस आमदार बाहेर पडले होते, तेच त्या चाळीस आमदारांचे अर्थमंत्री झाले. त्याच महिन्यातल्या पावसाळी अधिवेशनात ४१ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्यातला निधी सत्तेत आलेल्या आमदारांकडे वळवला आणि विरोधकांना डावलले, असा आरोप विरोधी बाकांवरून झाला. एका सरकारात जे अन्याय म्हणून सांगितले गेले, तेच पुढच्या सरकारात रीत म्हणून चालले.

मुंबईत याचे आणखी उघडे रूप दिसले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवकच नाहीत म्हणून पालिकेच्या निधीतून कामे सुचवण्याचा मार्ग २०२३ मध्ये आमदारांना मोकळा करून देण्यात आला. शहराच्या ३६ आमदारांपैकी सत्ताधारी बाजूच्या २१ जणांच्या मतदारसंघांना वर्षभरात सुमारे ५०० कोटी रुपये मिळाले, विरोधी बाजूच्या १५ जणांना काहीच नाही, हे ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २०२४ च्या सुरुवातीला कागदपत्रांच्या आधारे छापले. पैसा महापालिकेचा, म्हणजे मुंबईत कर भरणाऱ्या सगळ्यांचा. विरोधी आमदाराला मत देणाऱ्या वस्तीतल्या माणसाने मालमत्ता कर तेवढाच भरला होता.

याच काळात जोगेश्वरी पूर्वचे आमदार रवींद्र वायकर निधीवाटपातल्या दुजाभावाची तक्रार घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. ते तेव्हा उद्धव ठाकरे यांच्या पक्षात होते. मार्च २०२४ मध्ये त्यांनी शिंदे यांच्या पक्षात प्रवेश केला आणि मतदारसंघातली कामे मार्गी लावायची तर सत्तेत असावे लागते, असे कारण दिले. त्यांच्यामागे त्या वेळी चौकशीही सुरू होती. जोगेश्वरीतल्या भूखंडाच्या त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी नंतर गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचे सांगून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. पक्षांतरामागे नेमके कोणते कारण किती होते, हे बाहेरून कोणी मोजू शकत नाही. मात्र त्यांनी न्यायालयात मांडलेली तक्रार आणि नंतर दिलेले कारण एकमेकांना धरून आहेत. दोन्हींचा अर्थ एकच : विरोधात बसलेल्या आमदाराच्या मतदारांना शिक्षा होते. न्यायालयाच्या वाटेने ती शिक्षा टळली नाही म्हणून पक्षांतराची वाट धरली, असे जेव्हा एक अनुभवी आमदार सांगतो, तेव्हा त्याच्या नैतिकतेइतकीच त्या शिक्षेचीही चर्चा व्हायला हवी होती. ती झाली नाही. पुढे लोकसभेच्या निवडणुकीत ते ४८ मतांनी निवडून आले, चर्चा झाली ती त्या ४८ मतांची.

पक्षांतराच्या रोगाचे निदान या देशात फार पूर्वी झाले आहे आणि ते करणारा माणूस महाराष्ट्राचाच होता. १९६७ च्या निवडणुकांनंतर उत्तरेतल्या राज्यांत आमदारांच्या उड्या सुरू झाल्या. हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आया राम, गया राम’ हा शब्दप्रयोग भारतभर रूढ झाला. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने काही राज्यांतल्या २१० पक्षांतरित आमदारांचा हिशेब मांडला. त्यातले ११६ जण, ज्या सरकारला सत्तेवर यायला त्यांनी हातभार लावला त्याच सरकारात मंत्री झाले होते. निम्म्याहून अधिक! आमदार का फुटतो, याचे यापेक्षा स्वच्छ उत्तर नंतरच्या साठ वर्षांत कोणी दिलेले नाही. समितीने उपायही तितकाच स्वच्छ सुचवला : पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये.

तो उपाय तसाच्या तसा कधी लागू झाला नाही. १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, पण एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ती ‘फूट’ म्हणून माफ होती. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली, मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणला आणि अपात्र ठरलेल्या सदस्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद मिळणार नाही अशी तरतूद केली. मात्र दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाचे दार उघडे राहिले. एकट्याने केले तर गुन्हा आणि घोळक्याने केले तर हक्क, अशी कायद्याची स्थिती झाली.

त्या दारातून कसे जायचे, हे गोव्याने देशाला दाखवले. २०१७ च्या निवडणुकीत चाळीस जागांच्या विधानसभेत काँग्रेसला १७ जागा मिळाल्या आणि सरकार १३ जागांच्या भाजपचे झाले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या १५ आमदारांपैकी नेमके १० जण भाजपमध्ये विलीन झाले. दोन तृतीयांश, एकही कमी नाही. त्यांचे नेते चंद्रकांत कवळेकर विरोधी पक्षनेते होते, ते उपमुख्यमंत्री झाले. पुढच्या निवडणुकीआधी, जानेवारी २०२२ मध्ये, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रॉसपाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. ११ जण निवडून आले. सप्टेंबर उजाडला आणि त्यातले ८ जण भाजपमध्ये गेले. त्यांत माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत होते. देवासमोर घेतलेल्या शपथेचे काय, असे विचारल्यावर आपण देवालाच विचारून निर्णय घेतल्याचे त्यांनी सांगितले. मतदाराला विचारण्याची गरज कायद्याने ठेवलेली नव्हती. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०१९ चे विलीनीकरण वैध ठरवले होते.

हे एका पक्षाचे पाप नाही. १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून वयाच्या ३८व्या वर्षी मुख्यमंत्री झालेले शरद पवार यशवंतरावांचेच शिष्य होते. त्यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात गणपतराव देशमुखही मंत्री होते, आपला पक्ष न सोडता. अलीकडे तेलंगणात भारत राष्ट्र समितीचे दहा आमदार सत्ताधारी काँग्रेसकडे गेले. तिथल्या विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेच्या अर्जांवर निर्णय द्यायला इतका वेळ लावला की जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. गोव्यात काँग्रेसने ज्याबद्दल आकांत केला, त्याचाच लाभ हैदराबादेत घेतला.

विलंबाच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. जून २०२२ मध्ये दाखल झालेल्या अपात्रतेच्या अर्जांचे काय करायचे ते विधानसभा अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. त्यानंतरही न्यायालयाला वारंवार विचारणा करावी लागली. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निकाल दिला. शिंदे गटाचा कोणी अपात्र ठरला नाही, ठाकरे गटाचाही नाही. राष्ट्रवादीतल्या फुटीच्या प्रकरणात फेब्रुवारीत तोच प्रकार झाला. निकालाविरुद्ध अपिले झाली आणि विधानसभेची मुदत संपली तरी अंतिम उत्तर आले नाही. पाच वर्षांच्या सभागृहातली निम्मी मुदत अशी गेली की समोर बसलेला आमदार कायद्याने आमदार आहे की नाही, याचा अखेरचा निवाडाच नव्हता. त्याच आमदारांच्या मतांनी राज्याचे अर्थसंकल्प मंजूर झाले, कायदे झाले.

निर्णय देणारा अध्यक्ष स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो आणि त्याची पुढची उमेदवारी त्याच पक्षाच्या हाती असते. व्यक्ती कितीही सरळ असली तरी हा भार तिच्यावर टाकणे चूक आहे. मणिपूरमधल्या अपात्रतेच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले होते आणि हे काम स्वतंत्र, कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे सोपवण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले होते. संसदेने तो केलेला नाही.

आता उलट बाजूने येणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद. लोकांनी २०२४ मध्ये कौल दिलाच की! शिंदे यांच्या पक्षाला ५७ आणि अजित पवारांच्या पक्षाला ४१ जागा मिळाल्या. गुवाहाटीला गेलेल्या आमदारांपैकी बहुतेक जण पुन्हा निवडून आले. मतदारालाच पक्षांतर चालते, तर बाकीच्यांनी कशाला ओरडायचे?

या युक्तिवादाला मतदाराला वेड्यात काढून उत्तर देता येणार नाही. मतदार हिशेबाने वागला. आपला आमदार विरोधात बसला तर रस्ता होत नाही, बंधारा अडतो, तालुक्याच्या दवाखान्याची इमारत रखडते, हे त्याने पाहिलेले आहे. अशा व्यवस्थेत सत्तेबरोबर जाणारा आमदार निवडणे हे शहाणपणच ठरते. पण धमकीखाली दिलेल्या संमतीला जितका अर्थ असतो तितकाच या कौलालाही आहे. निधीचा नळ मंत्र्याच्या हातात ठेवायचा, विरोधी मतदारसंघाचा नळ बंद करायचा आणि मग तहानलेल्या माणसाने पाणी असलेल्या घराकडे पाहिले की त्याला त्याची पसंती म्हणायचे, हे बरोबर नाही. शिवाय २०२४ चा निकाल एका प्रश्नावर लागला नव्हता. त्यात लाडक्या बहिणींचे दरमहा १५०० रुपये होते, सोयाबीन आणि कांद्याचे भाव होते, आरक्षणाचे राजकारण होते. २०२२ च्या जूनमध्ये ‘तुमचा आमदार पक्ष सोडतो आहे, मान्य आहे का’ हा एकच प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता.

तो एकटा प्रश्न विचारला की काय होते, याचे उदाहरण साताऱ्यात आहे. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आले. सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये जायचे ठरवल्यावर त्यांनी आधी खासदारकीचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि साताऱ्याने श्रीनिवास पाटील यांना मोठ्या मताधिक्याने निवडून दिले. पाच महिन्यांपूर्वी ज्या लोकांनी उदयनराजेंना जिंकवले, त्यांनीच त्यांचा निर्णय नाकारला. २०२४ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना भाजपचे खासदार म्हणून स्वीकारले. दोन्ही वेळा निर्णय साताऱ्याचा होता. कर्नाटकात २०१९ मध्ये सरकार पाडणाऱ्या आमदारांच्या पंधरा जागांवर पोटनिवडणुका झाल्या तेव्हा मतदारांनी बारा जागा भाजपला दिल्या. तो निकाल अनेकांना आवडला नाही, पण तो निकाल होता. मत बदलण्याचा अधिकार लोकप्रतिनिधीला असायलाच हवा. उसनी घेतलेली मते आधी परत करून नवीन मागण्याचे धैर्य त्याने दाखवावे, एवढीच अपेक्षा आहे.

विरोधात बसून काही होत नाही, हा समज किती नवा आहे, हेही आठवून पाहायला हवे. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. महापालिकेत आणि नंतर १९७२ पासून विधानसभेत त्या विरोधी बाकांवरूनच पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध लढल्या. गर्भलिंगचाचणीचा प्रश्न त्यांनी विधानसभेत लावून धरला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने तिच्यावर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा केला. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, कोणत्याही खात्याचे मंत्री नव्हते. मागेल त्याला काम देण्याची त्यांची कल्पना सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या परिसरात तपासली गेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडली, आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला रोजगार हमी कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशाने त्यावरून राष्ट्रीय कायदा केला. किती सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक एकत्र केले म्हणजे त्या एका कायद्याइतकी सेवा होईल?

गणपतरावांची रीतही हीच. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या आटपाडीच्या पाणी परिषदेत ते दरवर्षी उभे राहत आणि कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालेच पाहिजे, अशी मागणी करत. एकट्या सांगोल्यासाठी त्यांनी मंत्र्याकडे चिठ्ठी नेली नाही, तेरा दुष्काळी तालुक्यांची एकत्र मागणी उभी केली. टेंभू आणि म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनांना वर्षे लागली, कित्येकांचे आयुष्य वाट पाहण्यात गेले, हे खरे. पण त्या पाण्यावर हक्क कोणाचा, हे कोणत्या आमदाराने कोणता पक्ष सोडला यावरून ठरले नाही. चळवळीने तो हक्क मान्य करून घेतला होता आणि नंतर आलेल्या प्रत्येक सरकारला तो पुढे न्यावा लागला. ज्या योजनेचे श्रेय आज कोणी घेते, तिची मागणी विरोधी बाकांवरून चाळीस वर्षे कोणीतरी केलेली असते.

हे काम आज का दिसत नाही? कारण त्या कामासाठी सभागृह भरावे लागते आणि भरलेल्या सभागृहात बोलावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये घटनेचा मसुदा मांडताना संसदीय पद्धत निवडण्याचे कारण दिले होते : सरकारच्या जबाबदारीचा हिशेब मतदार पाच वर्षांतून एकदा घेतात, पण लोकप्रतिनिधी तो प्रश्न, ठराव आणि चर्चा यांतून रोज घेतात. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली. २०१९ ते २०२४ या काळातली सतरावी लोकसभा २७४ दिवस बसली आणि पाचही वर्षे तिला उपाध्यक्ष नव्हता. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्ये मोठ्या विधानसभांनी वर्षाला किमान ९० दिवस बसावे, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्र विधानसभा तिच्या जवळपासही जात नाही. रोजचा हिशेब घेण्याचे काम असे आक्रसले आणि आमदाराच्या वाट्याला नगरसेवकाचे काम आले. गटार आणि पथदिवे सांभाळणारा आमदार मंत्र्यावर अवलंबून असतो. जो अवलंबून असतो तो मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारत नाही.

म्हणून सुधारणेची सुरुवात निधीपासून व्हायला हवी. २५१५ सारखी लेखाशीर्षे आणि पुरवणी मागण्यांतली स्थानिक कामे यांचे वाटप लोकसंख्या, मागासलेपण आणि आधी झालेली कामे यांच्या सूत्राने करावे. कोणत्या मतदारसंघाला कोणत्या लेखाशीर्षातून किती रुपये मिळाले, याचा तक्ता प्रत्येक अधिवेशनाआधी विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. आमदाराचा पक्ष कोणता, हा रकाना त्या तक्त्यात असावा, म्हणजे दुजाभाव झाला तर तो कोणालाही मोजता येईल. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका मुदत संपताच घ्याव्यात, कारण तिथे लोकांनी निवडलेला माणूस असला तर पथदिव्यासाठी आमदाराच्या दारात जावे लागत नाही. यांतल्या निधीच्या सूत्राला आणि तक्त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय पुरेसा आहे.

उरते ते दहाव्या अनुसूचीचे काम आणि ते संसदेचे आहे. विलीनीकरणाची सवलत काढून टाकावी. पक्ष सोडणाऱ्याने, तो एकटा असो की चाळीस जणांत, राजीनामा द्यावा आणि पुन्हा निवडून येईपर्यंत त्याला मंत्रिपद किंवा महामंडळ मिळू नये. अपात्रतेच्या अर्जांचा निवाडा न्यायाधिकरणाने तीन महिन्यांत करावा. त्याचबरोबर पक्षादेशाची सक्ती फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरती ठेवावी, म्हणजे पक्षात राहूनही एखाद्या विधेयकावर आपल्या मतदारांच्या बाजूने बोलण्याची आणि मत देण्याची मोकळीक आमदाराला मिळेल. आज त्याला पक्षाविरुद्ध एक मत द्यायला मनाई आहे आणि दोन तृतीयांश सोबती मिळाले तर पक्षच घेऊन जायला परवानगी आहे.

चव्हाण समितीच्या शिफारशीतला अर्धा भाग २००३ मध्ये घटनेत आला, तेव्हा तो सर्व प्रमुख पक्षांच्या मतांनी आला होता. उरलेल्या अर्ध्या भागासाठी आज महाराष्ट्राचे ४८ लोकसभा खासदार काय करणार आहेत, हे त्यांच्या मतदारांनी पुढच्या जनता दरबारात, पुढच्या सत्कार समारंभात, पुढच्या रस्त्याच्या भूमिपूजनात विचारावे. आमदाराला विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे : निधीचा तो तक्ता पटलावर ठेवण्याची मागणी येत्या अधिवेशनात तुम्ही लेखी करणार का, आणि तुमचा पक्ष सत्तेत असला तरी करणार का?